पहिल्या पगाराचा जमाखर्च

गेल्या अंकातील नामनिर्देशनाविषयीच्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांना या महिन्यात उत्तरे द्यावीत असा विचार होता. परंतु मध्यंतरी घरात असे काही घडले, की त्याविषयी आधी लिहिणे मला भाग वाटते. घरची गोष्ट छापावी की नाही, हे धाकट्या भावाला विचारले. तो म्हणाला, "लिहा अण्णा, पण दुकानाचे नाव घालू नका." तेवढे पथ्य पाळून लिहितो.

या भावाचे सांगलीत हळदीचे अडत दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, त्याने वाढविले. मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो, तो दुकानात राहिला. त्याची थोरली मुलगी गणितात लहानपणापासून तीक्ष्ण. संख्याशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली आणि यंदाच्या जूनमध्ये मुंबईतील एका आयुर्विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी विभागात रुजू झाली. वर्षाला साडेदहा लाखांचे पत्र हाती आले. आमच्या घराण्यात एवढ्या रकमेवर कोणी नोकरीस लागले नव्हते. मी तर निवृत्तीच्या आधीच काही वर्षे त्या आकड्याच्या जवळ पोहोचलो होतो.

बातमी गल्लीत पसरली तेव्हा शेजारच्या एक वयस्कर बाई माझ्या आईला म्हणाल्या, "एवढी हुशार पोरगी, आणि शेवटी विमा विकायला गेली होय!" आई शहाऐंशी वर्षांची. तिने रात्री मला विचारले, "खरेच का रे?" तिला जे सांगितले ते येथेही थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल.

विमा विकणारा निराळा आणि विम्याची किंमत ठरविणारा निराळा. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जण जातील, त्यांच्या वारसांना रक्कम देता यावी म्हणून आज प्रत्येकाकडून किती घ्यावे, आणि घेतलेल्या पैशातून किती राखून ठेवावे, हा हिशेब करणारा तो अ‍ॅक्च्युअरी. मराठीत विमागणितज्ञ म्हणतात. हा धंदा जुना आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या चर्चमधील रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांना एक चिंता लागली होती. धर्मोपदेशक गेला की त्याची बायकामुले उघडी पडत. या दोघांनी जुन्या नोंदी जमवल्या, कॉलिन मॅक्लॉरिन या गणिताच्या प्राध्यापकाची मदत घेतली आणि आकडे मांडले. कोणत्याही वेळी सरासरी ९३० धर्मोपदेशक हयात असतात, त्यांतले २७ दरवर्षी मरण पावतात, आणि त्यांपैकी १८ जणांच्या मागे विधवा उरते. यंदाचे सत्तावीस कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सत्तावीस जातील, एवढे मात्र वहीवरून दिसत होते. तेवढ्या आधारावर वर्गणी ठरली, निधी उभा राहिला आणि अनेक वर्षे चालला.

व्यापाऱ्याला यात नवीन काही वाटू नये. घाऊक उधारीवर माल देणाऱ्याला यंदा कोणते गिऱ्हाईक बुडवणार हे कळत नाही. परंतु शंभरात दोन-तीन बुडतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते आणि तेवढे तो भावात धरतो. या विद्येचा दुसरा खांब म्हणजे पैशाची वेळ. तीही आपल्या ओळखीची आहे. एक लाखाची वर्षभराच्या मुदतीची हुंडी आज वटवली, तर कसर कापून रक्कम हाती येते. दहा टक्क्यांनी हिशेब केला तर त्या लाखाची आजची किंमत ९०,९०९ रुपये. विमागणितज्ञ हेच करतो. फक्त त्याच्या हुंडीची मुदत माणसाच्या आयुष्याएवढी असते.

हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आपलाच धंदा." मी हो म्हटले.

परीक्षा मात्र आपल्या धंद्यात नसतात. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, आणि पुढे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या डझनाहून अधिक प्रश्नपत्रिका. या संस्थेला २००६च्या कायद्याने आजचे वैधानिक स्वरूप मिळाले. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि चांगल्या चांगल्या मुलांना एकेक पेपर दोन-दोन, तीन-तीन वेळा द्यावा लागतो. नोकरी करीतच पुढचे पेपर द्यायचे, पेपर सुटला की पगार वाढायचा, अशी बहुतेक ठिकाणी रीत आहे. पुतणीचे सहा पेपर पदवीनंतरच्या वर्षभराच्या बैठकीत मिळून झाले होते. साडेदहा लाख ऐकून डोळे विस्फारणाऱ्यांनी त्यामागची ही पाच वर्षे मोजावीत. तीन लग्ने आणि एक दक्षिणयात्रा तिने या पेपरांपायी सोडलेली मला ठाऊक आहे.

आता पगाराकडे येतो. साडेदहा लाखांस बाराने भागून घरच्यांनी दरमहा साडेसत्याऐंशी हजार धरले होते. मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की पत्रावरचा आकडा आणि हातातला आकडा यांत अंतर असते. पण आनंदाच्या वेळी बँकवाल्याचे कोण ऐकतो! जूनची पगारपत्रिका आली तेव्हा खात्यात जमा झाले होते ५०,४६१ रुपये. भावाने फोनवरून मला जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारले, "उरलेले कुठे गेले?"

कुठेच गेले नव्हते. त्या साडेदहा लाखांत एक लाख कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस मिळणारे. मूळ वेतन दरमहा पस्तीस हजार. त्यावर बारा टक्क्यांनी कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी ४,२०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद, हेही त्याच आकड्यात धरलेले. उरले दरमहा सुमारे ७३,३००. त्यातून तिच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी पुन्हा ४,२०० आणि व्यवसाय कर २०० वजा. पूर्ण महिन्याचे हातात येणार अडुसष्ट-एकोणसत्तर हजार. ती ९ जूनला रुजू झाली, म्हणून पहिला पगार बावीस दिवसांचा. आयकर कापला नाही, कारण या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीने पगारदारास १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही. हा तपशील मुद्दाम देतो. ज्यांच्या घरी प्रथमच कोणी पगारदार होत आहे, त्यांनी नेमणूकपत्र हाती आल्याबरोबर हा हिशेब मांडावा. म्हणजे मुंबईतील घरभाडे ठरविताना चूक होत नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी ती सांगलीला आली. त्या पन्नास हजारांकडे घरात तीन दिशांनी डोळे लागले होते. आईचे म्हणणे, पहिला पगार देवापुढे ठेव, त्यातले काही पाठशाळेला दे, मग पुढचे. हे सोपे होते. पैसे खात्यात, देवापुढे ठेवायचे काय, एवढीच अडचण. तिने पगारपत्रिकेची छापील प्रत ठेवली. आईने त्या कागदावर अक्षता वाहिल्या आणि पाठशाळेतील मुलांच्या पुस्तकांसाठी पाच हजार काढून ठेवायला सांगितले. दुसरी दिशा नातेवाइकांची. एका दूरच्या मामांनी 'हमखास परताव्या'ची योजना आणली होती. वीस वर्षे दरमहा भरा, पुढे आयुष्यभर मिळत राहील अशी. पोरीने तो कागद घेतला, पेन्सिलीने पाच मिनिटे आकडे केले आणि नम्रपणे सांगितले, "मामा, यात साडेपाच टक्केही पडत नाहीत." मामांनी चहा घेतला आणि विषय बदलला. तिच्यावर आज कोणी अवलंबून नाही, तेव्हा तिला स्वतःच्या आयुर्विम्याची घाई नाही, हे माझेही मत. पहिल्या पगाराच्या वासावर असे मामा प्रत्येक घरी येतात. माझ्या बँकेतही शेवटच्या काही वर्षांत विमाविक्रीची उद्दिष्टे आम्हांला दिली जात, म्हणून मामांना दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही.

तिसरी दिशा भावाची, आणि खरा पेच तेथे होता. त्याने सहजपणे म्हटले, "भाडे-जेवण जाऊन राहील ते दुकानात टाक. बँकेचे व्याज तरी वाचेल. घरचेच आहे." त्यात लोभ नव्हता. आपल्या घरांत पैसा कोणाचा, असा प्रश्न विचारीतच नाहीत. गल्ला एक, खर्च एक. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. तिला नाही म्हणायचे नव्हते आणि हो म्हणायलाही मन घेत नव्हते.

मला १९८३ साल आठवले. बँकेतील माझा पहिला पगार मी पाकिटासह वडिलांच्या हाती दिला होता. त्यांनी तो गल्ल्यात टाकला. पुढे सात-आठ वर्षे, लग्न होईपर्यंत आणि नंतरही काही काळ, दर महिन्याला मी निम्म्याहून अधिक पगार देत गेलो आणि तो दुकानात जिरला असेच समजत होतो. घर बांधायला निघालो तेव्हा वडिलांनी खतावणी उघडून माझ्या नावाचे पान दाखवले. प्रत्येक महिन्याची रक्कम तारखेनिशी जमा, वर्षअखेरीस बँक देई तेवढे व्याज जमा. एकूण रकमेचा चेक त्यांनी लिहून दिला. मी गोंधळून म्हणालो, "हे तर घरचेच होते." ते म्हणाले, "घरचे असले तरी खाते असावे लागते."

ही गोष्ट भावालाही ठाऊक होती, पण तो ती विसरला होता. मी ती सांगितली आणि बँकवाल्याच्या जबानीत चार गोष्टी पुढे जोडल्या. मुलीने दुकानाला पैसे दिले, तर ते तिने दिलेले कर्ज. वीस हजार वा त्याहून अधिक रकमेची उसनवारी रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणून ते खात्यातूनच यायला हवे आणि वहीत तिच्या नावे जमा व्हायला हवे. दुसरे असे, की कॅश क्रेडिट देणारी बँक ताळेबंदातील घरच्यांच्या रकमा पाहते आणि बहुधा लिहून घेते, की आमचे कर्ज चालू असेपर्यंत या रकमा काढणार नाही. म्हणजे पोरीला दोन वर्षांनी हातात काही हवे झाले, तर तिला बापाच्या बँकेची परवानगी लागणार. आणि दुकान अडचणीत आले, तर आधी बँक, मग इतर, शेवटी ती.

भाऊ गप्प झाला. तेवढ्यात पुतणीने, वाद मिटवावा म्हणून की खरोखर जिज्ञासेने, विचारले, "अप्पा, गुदामातल्या मालाचा विमा कितीचा आहे?"

त्याने आकडा सांगितला, मोठा होता. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात त्याच्या गुदामात पाणी शिरले होते, पोती भिजली होती. सर्व्हेअर आला, कागद झाले, काही महिन्यांनी भरपाई मिळाली, आणि दुकान उभे राहिले. विम्यावर त्याचा विश्वास नाही असे म्हणता येणार नाही.

"आणि तुमचा?"

तिच्या जन्माच्या वर्षी घेतलेली एक जुनी पॉलिसी निघाली, दोन लाखांची. आरोग्यविमा नव्हताच. वय छप्पन्न, सहा वर्षांपासून साखर, दुकानावर बँकेचे कर्ज, राहते घर बँकेकडे तारण, आणि माझ्या भावजयीची जामीनदार म्हणून सही.

वाचकहो, त्या क्षणी मान खाली घालण्याची पाळी माझी होती. अडतीस वर्षे मी बँकेत काढली. त्यांतील निम्मी कर्ज विभागात. व्यापाऱ्याच्या मालाचा विमा आहे ना, मुदत संपली नाही ना, पॉलिसीवर बँकेचे नाव आहे ना, हे मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. व्यापाऱ्याने विमा नूतन केला नाही, तर बँक स्वतः हप्ता भरून त्याच्या खात्याला नावे टाकी. पोत्यांची एवढी काळजी. ती पोती विकत घेणारा आणि विकणारा माणूस उद्या नसला तर काय, असे विचारणारा रकाना आमच्या छापील अर्जात नव्हता. आणि मी स्वतःहून कधी विचारले नाही. परक्यांना नाही, सख्ख्या भावालाही नाही.

एक प्रकरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गाव सांगत नाही. कापडाचा एक उमदा व्यापारी, चव्वेचाळीस वर्षांचा, सकाळी दुकान उघडताना कोसळला. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर. बातमी कळल्यावर आमचे पहिले काम खात्यातील व्यवहार थांबविण्याचे, ते मी केले. दुकानात माल होता, त्याचा विमाही होता. पण माल जळाला नव्हता, मालक गेला होता. येणे असलेल्यांनी वर्षभर तोंड दाखवले नाही, देणेकरी मात्र तेराव्यालाच आले. पत्नी जामीनदार होती. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तिला गेलेल्या नोटिशीवर माझी सही आहे. पुढे घर विकून त्यांनी कर्ज फेडले आणि त्या मुलांना घेऊन माहेरी गेल्या. बँकेच्या दृष्टीने ते खाते व्यवस्थित बंद झाले. शाखेचे कौतुकही झाले.

हे मी त्या रविवारी जेवणाच्या पाटावर सांगितले. भावजय वाढता वाढता थांबली.

पुतणी म्हणाली, "अप्पा, माझा पहिला पगार मी यातच घालते. तुमचा मुदतीचा विमा आणि तुम्हां दोघांचा आरोग्यविमा." भाऊ एकदम उसळला. "लेकीच्या पैशाने बापाचा विमा? लोक काय म्हणतील!" मी त्याला विचारले, की दहा मिनिटांपूर्वी हाच पैसा दुकानात घालायला तू सांगत होतास, तो कोणाचा होता? तो म्हणाला, "ते वेगळे. दुकान सगळ्यांचे." माझ्या मते यात आपल्या घरांचे सारे मर्म आले. दुकानासाठी घेतलेले घेतल्यासारखे वाटत नाही. स्वतःच्या देहासाठी घेतलेले ओझे वाटते. तो रविवार तसाच गेला. मुलगी रात्रीच्या गाडीने परतली, पैसे खात्यात तसेच राहिले.

पंधरा दिवसांनी भावाने मला दुकानात बोलावले. त्याच्यापुढे कागद होता. मुदतीचा विमा त्याने स्वतः भरायचा, आरोग्यविमा मुलीने. असा तोडगा त्याने काढला होता. कोणी सुचवला हे त्याने सांगितले नाही. माझा संशय भावजयीवर आहे. पन्नास लाखांच्या दहा वर्षांच्या विम्यासाठी एजंटाने सांगितलेला वार्षिक हप्ता पन्नास हजारांच्या घरात होता. "सात पोती हळदीचे पैसे," तो म्हणाला. तिशीत घेतला असता तर याच्या लहानशा हिश्शात झाला असता, हे मी बोललो नाही. त्याला कळत होते.

एजंटाने आणखी एक सल्ला दिला होता: साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल. मुलीने फोनवर ऐकताच तो खोडून काढला. तिचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे देतो. "अप्पा, माझ्या टेबलावर जो तक्ता असतो, तो माणसांनी खरे लिहिले असे धरून केलेला असतो. खोटे लिहिलेत तर दावा देताना कंपनी तेच काढील. मी कंपनीत असते तर मीही काढले असते." विमा कायद्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे आयुर्विम्याच्या पॉलिसीवर तीन वर्षांनंतर आक्षेप घेता येत नाही, पण त्या तीन वर्षांत काही घडले आणि लपवालपवी सिद्ध झाली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. आरोग्यविम्यात आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा. खरे लिहून तीन वर्षे थांबणे परवडते. साखर लिहिली गेली, रक्ततपासणी झाली, हप्ता वाढला.

येथे मला एका कायद्याविषयी सांगायचे आहे. गेल्या अंकातील विषयाशी त्याचा संबंध आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत असतो. १८७४चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमानुसार विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी पत्नीच्या, मुलांच्या अथवा दोघांच्याही हितासाठी आहे असे तिच्यावर नमूद करून घेतली, तर ती त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. ते लाभार्थी हयात आहेत तोवर त्या रकमेवर नवऱ्याचा ताबा नाही, ती त्याच्या इस्टेटीत धरली जात नाही आणि त्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. अपवाद एकच, देणेकऱ्यांना फसविण्याच्या हेतूने पॉलिसी घेतलेली असेल तर. मूळ कायद्याचा लाभ आपल्याला नव्हता. नंतरच्या दुरुस्तीने हिंदू, मुस्लिम, शीख व जैन यांनी १ एप्रिल १९२३ नंतर घेतलेल्या पॉलिसींना तो लागू झाला. मद्रास प्रांतात त्याहून आधी. कलमात 'जैन' हा शब्द स्पष्ट आहे.

नामनिर्देशन आणि हे एक नव्हे. ज्याच्या डोक्यावर धंद्याचे कर्ज आहे, त्याने केवळ नाव लावून पॉलिसी घेतली आणि तो गेला, तर देणेकरी त्या पैशाकडेही पाहू लागतात. या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी त्या भांडणाबाहेर राहते. मात्र हे पॉलिसी घेतानाच स्वतंत्र पुरवणी फॉर्म भरून करायचे असते. विसरून मागाहून आठवले तर उपयोग नाही. आणि एकदा केले की नवऱ्याला त्या पॉलिसीवर कर्ज काढता येत नाही, मन बदलून नावही फिरवता येत नाही. भावाने हे ऐकून जरा वेळ विचार केला. पॉलिसी तारण ठेवता येणार नाही, हे व्यापाऱ्याच्या मनाला सहज पटणारे नाही. शेवटी म्हणाला, "बरे आहे. माझ्याच हातून सुटलेली एक वस्तू घरात असू दे."

हे सर्व ठरले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली, की वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांवरील अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून उठणार. झाले! भाऊ थांबला. मी चिडलो. एवढी वर्षे थांबलास, आता आणखी थांबतोस? तो शांतपणे म्हणाला, "अठरा टक्के आहेत अण्णा." मी मुंबईला फोन लावला, की तू तरी सांग. पलीकडे क्षणभर शांतता, मग ती हसत म्हणाली, "काका, मी मघाशीच हिशेब केला. छप्पन्न वर्षांच्या माणसाची अडीच आठवड्यांची जोखीम अठरा टक्क्यांपेक्षा बरीच कमी भरते. थांबू दे त्यांना." बाप आणि लेक एकाच धंद्यातली आहेत, हे आईचे म्हणणे मला तेव्हा खऱ्या अर्थाने पटले. मात्र ते अडीच आठवडे मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून दुकानावरून चक्कर मारली, हेही लिहून ठेवतो.

२३ सप्टेंबरला दोन्ही अर्ज भरले गेले. पुरवणी फॉर्मवर लाभार्थी म्हणून भावजयीचे नाव आहे. तिची सही लागेल म्हणून बोलावले, तेव्हा तिने सवयीने विचारले, "जामीनदार म्हणून कुठे करायची?" आजवर तिने दुकानाच्या कागदांवर केलेल्या साऱ्या सह्या देणे लागण्यासाठी होत्या. हा कागद येणे असलेला आहे, हे तिला दोनदा सांगावे लागले.

दिवाळीला पुतणी घरी आली. पाडव्याला वहीपूजन झाले. हिशेब आता संगणकावर असला, तरी एक वही आम्ही मांडतोच. भावाने पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले आणि आतल्या एका कोऱ्या पानावर मुलीच्या नावाने खाते उघडले. जमेला काही नव्हते. नुसते नाव आणि तारीख. "पुढे कधी दिलेस तर," तो तिला म्हणाला, "आणि दिले नाहीस तरी चालेल."

मला एक विचारायचे राहिले होते, ते मी तिला दुपारी विचारले. पाठशाळेचे पाच हजार, आरोग्यविम्याचा हप्ता, आजीला एक साडी; पण त्या पहिल्या पगारातून स्वतःसाठी काही घेतलेस की नाही? म्हणाली, चांगले बूट घेतले. दादरच्या जिन्यावर रोज दोनदा चढउतार होते, घरून नेलेल्या चपला पंधरा दिवसांतच फाटल्या. पुढचा पेपर नोव्हेंबरात आहे. भाऊबीज झाल्याबरोबर ती त्याच रात्री निघाली.